नाताळाआधीचे चार रविवार आणि वेढ्यात घेतलेले शेत

नोव्हेंबर संपत आला की बाजारात लाल टोप्या, कागदी चांदण्या आणि केकचे खोके दिसू लागतात, आणि नाताळ जवळ आल्याचे सर्वांनाच कळते. त्याच आठवड्यातील रविवारी एखादा जिज्ञासू मित्र कुतूहलाने चर्चमध्ये डोकावला, तर मात्र तो चक्रावून जाईल. वेदीवर जांभळे वस्त्र असते, फुले मोजकीच असतात, एरवी रविवारच्या मिस्सेत (उपासनेत) हमखास गायले जाणारे गौरवगीत वगळलेले असते. गोठा, मेंढपाळ, बाळ येशू यांचा बायबलच्या वाचनात पत्ताच नसतो. त्याऐवजी ऐकू येते ते असे काही: सूर्य, चंद्र आणि तारे यांत चिन्हे दिसतील, समुद्राच्या गर्जनेने राष्ट्रे घाबरून जातील, जगावर काय कोसळणार या भीतीने माणसांचे प्राण कासावीस होतील. सण आनंदाचा आणि त्याची सुरुवात या शब्दांनी, हे कोडे अनेक ख्रिस्ती माणसांनाही उलगडलेले नसते.

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. २०२३च्या नाताळाआधी, गाझातील युद्ध चालू असताना, जेरुसलेममधील चर्चप्रमुखांनी नाताळाचा झगमगाट टाळण्याचे आवाहन केले होते. ज्या बेथलेहेममध्ये येशूचा जन्म झाला असे ख्रिस्ती मानतात, तेथील लुथरन चर्चने त्या वर्षी गोठा उभारलाच नाही. पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यासारखे काँक्रीटचे तुकडे रचून त्यांत पॅलेस्टिनी रुमालात गुंडाळलेली बाळ येशूची मूर्ती ठेवली. ते छायाचित्र जगभर गेले. काहींना ते हृदयस्पर्शी वाटले, तर काहींना ते सणाचे राजकारण वाटले. आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या या आठवड्यांची, वाचने ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली आहेत, त्यांना त्यात निदान अनोळखी असे काही वाटले नसेल.

'आगमन' कोणाचे, आणि केव्हा?

नाताळाआधीच्या चार रविवारांना व्यापणाऱ्या काळाला आगमनकाळ म्हणतात. इंग्रजीतील 'ॲडव्हेंट' हा शब्द लॅटिनमधील 'येणे' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. हा काळ संत आंद्रेया यांच्या सणाच्या, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या, सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. म्हणून त्याचा पहिला दिवस २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कोठेही पडतो, आणि त्याची लांबी २२ ते २८ दिवस इतकी असते. पाश्चात्त्य परंपरेतील चर्चचे वर्ष जानेवारीत नव्हे, तर या रविवारी सुरू होते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्याऐवजी नाताळाआधीचा दीर्घ उपवास असतो, आणि काही प्रॉटेस्टंट मंडळ्या हा काळ मुळीच पाळत नाहीत. वसईच्या कॅथोलिक धर्मग्रामांत आणि अहिल्यानगर, पुणे, मुंबई येथील अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये तो पाळला जातो.

'येणे' हा शब्द येथे एकाच घटनेला लागू होत नाही, आणि गोंधळाचे मूळ यातच आहे. बाराव्या शतकातील मठवासी क्लेअरव्होचे बर्नार्ड यांनी तीन आगमनांची मांडणी केली होती. पहिले आगमन बेथलेहेममधले, जे होऊन गेले. शेवटचे आगमन काळाच्या अखेरीचे, जे व्हायचे आहे. आणि या दोहोंच्या मधले आगमन डोळ्यांना न दिसणारे, माणसाच्या आजच्या आयुष्यात होणारे. आगमनकाळाचे पहिले दोन आठवडे मुख्यतः शेवटच्या आगमनाकडे पाहतात. १७ डिसेंबरपासून पुढे नजर बेथलेहेमकडे वळते. म्हणजे पहिल्या रविवारची ती भयावह वाचने येशूच्या जन्माविषयी नसतातच. अजून न संपलेल्या जगाविषयी ती असतात, आणि त्या जगात लढाया आहेत, भूक आहे, पूर आहेत, हे वाचने लपवीत नाहीत.

मराठीत आपण 'वाट पाहणे' म्हणतो, तो शब्दप्रयोग या काळाला फार जवळचा आहे. येणारा माणूस ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्याकडे डोळे लावून बसणे, असा त्याचा मूळ भाव आहे. आगमनकाळातील दुसऱ्या रविवारी 'परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा, उंचवटे खाली आणा, खळगे भरून काढा' हे यशया संदेष्ट्याचे शब्द ऐकू येतात. म्हणजे वाट नुसती पाहायची नाही, ती करायचीही आहे. (आपल्या रस्त्यांवरील खळग्यांचा अनुभव असलेल्या वाचकाला हे रूपक वेगळे समजावून सांगावे लागू नये.)

अंदाज, इच्छा आणि विसार

आता मुख्य शब्दाकडे येऊ. 'आशा' हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात दोन अर्थांनी वापरतो. 'उद्या पाऊस थांबेल अशी आशा आहे' हा अंदाज झाला. ढगांकडे पाहून, हवामान खात्याचे ऐकून केलेला. 'मुलाला पुण्यात नोकरी लागावी अशी आशा आहे' ही इच्छा झाली. दोन्ही गोष्टी माणसाच्या जगण्याला आवश्यक आहेत, पण ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्याला आशा म्हणते ती या दोहोंहून निराळी आहे. अंदाज परिस्थितीवर अवलंबून असतो. परिस्थिती बिघडली की तो बदलावा लागतो, आणि न बदलणारा माणूस शहाणा ठरत नाही. इच्छा आपल्यावर अवलंबून असते. ख्रिस्ती आशा मात्र तिसऱ्याच गोष्टीवर उभी असते: कोणीतरी दिलेल्या शब्दावर.

यासाठी येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधील आपल्या पत्रांत वापरलेला एक शब्द मराठी वाचकाला अगदी घरचा वाटेल. मूळ ग्रीक शब्द बाजारातला आहे, आणि मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'विसार' हा शब्द योजला आहे. ज्याने कधी जमीन किंवा घर घेतले आहे त्याला विसार पावती माहीत असते. सौदा ठरतो, काही रक्कम हातात पडते, कागद होतो. जमीन अजून ताब्यात आलेली नसते, पूर्ण पैसे चुकते झालेले नसतात, सातबाऱ्यावर नाव चढलेले नसते. परंतु व्यवहार सुरू झालेला असतो आणि त्यातून मागे फिरणे आता सोपे नसते. पौल म्हणतो की, पवित्र आत्मा हा देवाने दिलेला असा विसार आहे. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने येशूचा जन्म, मृत्यू आणि पुनरुत्थान यांनी सौदा पक्का झाला आहे, पण जग अजून ताब्यात मिळालेले नाही. विसार आणि खरेदीखत यांच्या मधल्या त्या अवघड काळाचे नाव आगमनकाळ, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

अर्थात विसाराची किंमत तो देणाऱ्यावर ठरते. देणारा लबाड असेल तर पावतीला रद्दीचे मोल. देव आहे का, आणि असल्यास तो शब्द पाळणारा आहे का, हा प्रश्न कोणत्याही उपमेने सुटत नाही, आणि तो सुटल्याचा आव या लेखात आणायचा नाही. येथे एवढेच दाखवायचे आहे की, ख्रिस्ती आशेची परीक्षा 'परिस्थिती सुधारते आहे का' या प्रश्नाने होत नाही. कॅथोलिक चर्चने २०२५ हे जयंतीवर्ष 'आशेचे यात्रेकरू' या बोधवाक्याखाली पाळले, तेव्हा वर्षभर फलकांवर आणि प्रवचनांत हा शब्द इतका वापरला गेला की त्याची धार थोडी बोथट झाली. म्हणून तो पुन्हा घासून पाहणे आवश्यक वाटते, आणि त्यासाठी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका जमिनीच्या व्यवहारासारखे दुसरे उत्तम साधन नाही.

वेढ्यातली खरेदी

आगमनकाळाची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. त्यांपैकी तिसऱ्या वर्षी पहिल्या रविवारी यिर्मया संदेष्ट्याच्या तेहतिसाव्या अध्यायातील तीन वचने वाचली जातात: असे दिवस येत आहेत की, मी दाविदासाठी एक नीतिमान अंकुर उगवीन, तो देशात न्यायाने वागेल, यहूदाचे तारण होईल. वचने सुंदर आहेत, पण ती जेथून उचलली आहेत तेथला आधीचा अध्याय वाचल्याशिवाय त्यांचे वजन कळत नाही.

इ.स.पूर्व ५८७च्या सुमारास बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेमला, म्हणजे जेरुसलेमला, वेढा घातला होता. शहरात अन्न संपत चालले होते. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता, आणि कैद त्याला बाबेलकरांनी केली नव्हती. त्याच्याच राजाने, सिद्कीयाने, केली होती. हे शहर पडणार आणि राजाही शत्रूच्या हाती लागणार, असे तो उघड सांगत होता, हाच त्याचा गुन्हा. थोडक्यात, सगळ्या यरुशलेमात भविष्याविषयी कमालीचा निराश असलेला एक माणूस दाखवा असे म्हटले असते, तर लोकांनी त्याच्याकडेच बोट दाखविले असते.

अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटायला चौकात येतो आणि म्हणतो, अनाथोथमधले माझे शेत विकत घे, सोडवणुकीचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यिर्मयाचे गाव, यरुशलेमपासून चार-पाच किलोमीटरवर. घराण्याची जमीन घराण्यातच राहावी म्हणून जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी असा तेथला कायदा होता. पण त्या घडीला शहराबाहेरचा सारा मुलूख शत्रूच्या टाचेखाली होता. हनामेल हे शेत विकायला का निघाला हे ग्रंथात सांगितलेले नाही. आपल्याकडील कोणताही व्यवहारी माणूस मात्र लगेच तर्क करील की, बुडणारी मालमत्ता कैदेतल्या भावाच्या गळ्यात मारण्याचा हा प्रकार असावा.

यिर्मया शेत घेतो. आणि पुढचा तपशील असा आहे की, तो वाचताना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसल्यासारखे वाटावे. सतरा शेकेल, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोनशे ग्रॅम चांदी तराजूत तोलून दिली जाते. खरेदीखत लिहिले जाते, त्यावर सही होते, साक्षीदार सह्या करतात. त्याच्या दोन प्रती असतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी. मग यिर्मया त्या दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती सर्वांसमक्ष देतो आणि त्याला सांगतो की, हे कागद मातीच्या भांड्यात घाल, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे यांची खरेदी-विक्री पुन्हा होईल.

या प्रसंगातील दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे. एक, यिर्मयाने आपला अंदाज बदललेला नाही. शहर पडणार हे त्याचे मत कायम आहे, आणि ते पडलेच. शेत घेताना त्याने 'सगळे ठीक होईल' असे कोणालाही सांगितले नाही. उलट, राजवाड्यातले जे इतर संदेष्टे 'सर्व कुशल आहे' म्हणत होते, त्यांच्याशी त्याचे जन्मभर भांडण होते. आशा आणि आशावाद यांतील फरक पाहायचा असेल, तर तो या दोन गटांत दिसतो: आशावाद्यांनी वेढा नाकारला, आणि आशा बाळगणाऱ्याने वेढा मान्य करून शेत घेतले. दुसरी गोष्ट अधिक मानवी आहे. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, आणि त्या लांबलचक प्रार्थनेच्या अखेरीस तो जवळजवळ तक्रारीच्या सुरात देवाला म्हणतो: वेढ्याचे मोर्चे शहराला येऊन भिडले आहेत, शहर खास्द्यांच्या (बाबेलकरांच्या) हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला म्हणतोस पैसे मोजून शेत घे! सही करून झाल्यावर हात कापणारा हा माणूस मला ठाम श्रद्धेच्या चित्रांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

"पण आशा ही तर बेडीच ना?"

भारतीय वाचकाच्या मनात येथे एक जुनी शंका येईल. आशा ही एक अजब साखळी आहे, तिने बांधलेला धावत सुटतो आणि तिच्यातून सुटलेला पांगळ्यासारखा स्वस्थ बसतो, असे सांगणारे संस्कृत सुभाषित अनेकांना पाठ असते. आपल्या संतपरंपरेतही आशेचा उल्लेख बहुधा तृष्णेच्या शेजारी बसवून, सोडायची गोष्ट म्हणून येतो. मग तिला सद्गुण कसे म्हणायचे?

ही शंका बिनबुडाची नाही, आणि सुभाषितकाराशी भांडण्याचेही कारण नाही, कारण तो बोलतो आहे ते इच्छेविषयी. गमतीची बाब अशी की, आशेसाठी असलेला हिब्रू भाषेतील नेहमीचा शब्द 'तिकवा' याचा दुसरा अर्थ दोर असाच आहे. यहोशवाच्या ग्रंथात यरीहो शहरातील राहाब खिडकीला जो किरमिजी दोर बांधते, त्यासाठी हाच शब्द येतो. दोन परंपरांनी आशेला बंधनच म्हटले. फक्त एकीला त्यात पायातली साखळी दिसली, तर दुसरीला विहिरीत पडलेल्याच्या हाती लागलेला दोर. विहिरीतल्या माणसाला दोर सोडून मुक्त हो असे कोणी सांगत नाही.

"मग रडायचे नाही का?"

ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे, त्या घरी त्या वर्षी सण करत नाहीत, ही रीत मराठी मुलखात सर्व धर्मांच्या लोकांना ठाऊक आहे. अशा घराला डिसेंबरातला चहूकडचा उत्साह टोचतो. आशा ठेवा म्हणजे चेहरा हसरा ठेवा, असा अर्थ घेतला तर ते दुःखितावर आणखी एक ओझे होते, आणि असे ओझे घालणारी प्रवचने दुर्दैवाने पुष्कळ होतात.

आगमनकाळाची वाचने तसे काही मागत नाहीत. चक्राच्या दुसऱ्या वर्षी पहिल्याच रविवारी यशयाच्या ग्रंथातील जे वाचन येते, ते सरळसरळ आक्रोश आहे: तू आकाश फाडून खाली का उतरत नाहीस? त्यासोबत गायल्या जाणाऱ्या ऐंशीव्या स्तोत्रात तू आपल्या लोकांना अश्रूंची भाकर खाऊ घातलीस, असे देवालाच सुनावले आहे. आणि सर्वांत चकित करणारी गोष्ट तिसऱ्या रविवारी घडते. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग वापरतात, त्याला आनंदाचा रविवार म्हणतात. पण चक्राच्या पहिल्या वर्षी त्या दिवशी जे शुभवर्तमान वाचले जाते, त्यात बाप्तिस्मा करणारा योहान हेरोद राजाच्या तुरुंगात आहे. ज्याने येशूची वाट तयार केली, ज्याने त्याच्याकडे बोट दाखविले, तोच आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो: जो येणार होता तो तूच आहेस, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आनंदाच्या रविवारी चर्च संशयाचे वाचन ठेवते, आणि येशू त्या संशयाबद्दल योहानाला एका शब्दानेही रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितले जाते, एवढे त्याला कळवा, असे तो म्हणतो. तुरुंगाचे दार मात्र उघडत नाही. योहानाचा पुढे शिरच्छेद होतो.

बंद दाराआड

तुरुंग आणि आगमनकाळ यांचे नाते विसाव्या शतकात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात फार निकट आले. लुथरन पाळक आणि धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर एप्रिल १९४३पासून तेथे कैदेत होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, आगमनकाळ तोंडावर असताना, त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात या काळाची तुलना तुरुंगाच्या कोठडीशी केली: आत माणूस थांबतो, आशा करतो, काहीबाही करत राहतो, पण दार बंद असते आणि ते केवळ बाहेरूनच उघडता येते. हिटलरविरोधी गटाशी संबंध असलेले, जेज्विट या कॅथोलिक संघाचे धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प वर्षभराने त्याच तुरुंगात होते. १९४४च्या आगमनकाळात, हातांत बेड्या असताना, त्यांनी या काळाविषयीची चिंतने कागदाच्या तुकड्यांवर लिहिली आणि ती धुण्याच्या कपड्यांतून गुपचूप बाहेर गेली. ८ डिसेंबरला त्यांनी तेथेच आपल्या संघाची अंतिम व्रते घेतली. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. बोनहॉफर यांना ९ एप्रिलला फाशी दिले गेले. महिन्याभरात युरोपातले युद्ध संपले.

मग त्यांची आशा खोटी ठरली का? सुटकेची इच्छा म्हणून पाहिले तर ठरली, आणि ती इच्छा दोघांनाही होती, हे त्यांच्या लेखनात लपलेले नाही. परंतु त्यांनी आशा या शब्दाने जे म्हटले ते त्या इच्छेवर संपत नव्हते. दार बाहेरून उघडते, या वाक्यात दोन अर्थ आहेत: एक, आपल्या हातात किल्ली नाही, दोन, बाहेर कोणीतरी आहे.

"ही गरिबांना गप्प बसवण्याची युक्ती तर नव्हे?"

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण इतिहासात हे घडलेले आहे. 'सोसा, देव पाहतो आहे' हे वाक्य मार खाणाऱ्या बायकांना, शेतमजुरांना, जातीचे चटके सोसणाऱ्यांना ऐकवले गेले आहे, आणि ऐकवणारे कित्येकदा स्वतः सुखवस्तू होते. अशा उपदेशाला आगमनकाळाचा आधार मिळत नाही, एवढे मात्र ठामपणे सांगता येते. लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावे, तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातील त्याची उत्तरे अगदी रोखठोक आहेत: ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये, शिपायांनी लोकांना लुबाडू नये. चक्राच्या पहिल्या वर्षी पहिल्या रविवारी येणाऱ्या यशयाच्या वाचनात तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याची गोष्ट आहे. ते काम लोहाराच्या भट्टीत, घाम गाळूनच होते.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७०च्या दशकात दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण हिरावून घेतली होती. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या जमिनीवर 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. त्यानंतरच्या दुष्काळात ही संख्या आणखी वाढली. रमाबाईंच्या मनात तेव्हा यिर्मयाचे शेत होते की नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. भोवती दुष्काळ असताना मातीत गुंतवणूक करणे, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे एकच आहे.

जर्मनीतील आणखी एका माणसाचा येथे ओझरता उल्लेख करतो. आज चर्चमध्ये हिरव्या डहाळ्यांच्या कड्यावर चार मेणबत्त्या लावून दर रविवारी एकेक पेटवतात, त्या प्रथेचा उगम हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालविणाऱ्या योहान हिनरिख विचर्न यांच्याकडे जातो. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले रोज विचारत, म्हणून १८३९मध्ये त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या लाल. ज्यांना घर नव्हते अशा मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून केलेली ती सोय होती. उत्तर जर्मनीत त्या दिवसांत दुपारीच अंधारून येते. आपल्याकडे डिसेंबर हुरड्याचा आणि कोवळ्या उन्हाचा असतो, त्यामुळे त्या मेणबत्त्यांचे मोल आपल्याला थोडे कमीच कळते.

"दोन हजार वर्षे झाली, अजून किती?"

शेवटची शंका सर्वांत सरळ आहे. येणारा येणार होता, तर आला का नाही? ही शंका पहिल्या शतकातच विचारली गेली होती, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तिला उत्तर दिले आहे: प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षे एका दिवसासारखी आहेत, तो विलंब करत नाही, तो लोकांना वळण्यासाठी सवड देतो आहे. विश्वास ठेवणाऱ्यासाठी हे उत्तर अर्थपूर्ण आहे. ज्याचे मूल ढिगाऱ्याखाली गेले त्याला ते पुरेल असे मला वाटत नाही, आणि त्याच्यासमोर ते म्हणूही नये. त्याच्याजवळ बसावे.

विलंबाविषयी यिर्मयाच्या शेताची उरलेली हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. यरुशलेम पडले, मंदिर जळाले, लोकांना बाबेलला नेण्यात आले. यिर्मयाला काही लोकांनी त्याच्या इच्छेविरुद्ध मिसर देशात नेले, आणि तेथून तो परतल्याची नोंद नाही. सतरा शेकेल मोजून घेतलेल्या त्या शेतात त्याने कधी नांगर घातला नाही. पुढे पारसचा राजा कोरेश याने इ.स.पूर्व ५३८च्या सुमारास बंदिवानांना परत जाण्याची परवानगी दिली, तेव्हा परतलेल्यांची गावनिहाय यादी एज्राच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आली आहे. नावे आणि आकडे यांनी भरलेला तो अध्याय प्रवचनासाठी सहसा कोणी निवडत नाही. त्यातील तेविसाव्या वचनात एकच ओळ आहे: अनाथोथचे लोक, एकशे अठ्ठावीस.